मदत हवी आहे: वेग-नियम एकच, यंत्रणा दोन?

नायट्रिक ऑक्साइड (एनओ) आणि ऑक्सिजनपासून नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, त्या अभिक्रियेवर दोन दिवस अडकले आहे. प्रयोगात मिळणारा वेग-नियम असा: वेग एनओच्या संहतीच्या (म्हणजे दाटपणाच्या) वर्गाच्या आणि ऑक्सिजनच्या संहतीच्या प्रमाणात असतो. पुस्तकी यंत्रणा, म्हणजे अभिक्रिया ज्या पायऱ्यांनी घडते ती, अशी: आधी दोन एनओ जुळून एनटूओटू होतो, हा समतोल झटकन साधतो, मग त्याची ऑक्सिजनशी होणारी पायरी मंद, म्हणून तीच वेग ठरवते. इथवर पटतं. पण आधी एनओथ्री बनतो असं धरलं आणि त्याची दुसऱ्या एनओशी होणारी पायरी मंद मानली, तरी गणित अगदी तेच येतं! मग खरी यंत्रणा कोणती, हे ठरवायचं कसं? मध्येच बनून संपणारा मध्यस्थ रेणू (एनटूओटू की एनओथ्री) प्रत्यक्ष पकडूनच का?

शिवाय तापमान वाढवलं की ही अभिक्रिया चक्क मंदावते. पहिला समतोल उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा, असल्यामुळेच ना? कुणी नीट उलगडून सांगाल का?