आचाऱ्याचा मुलगा, आधी इंजिनियर, मग राजकारणी : ॲलेक्स पादिया यांच्याबद्दल कोणी सांगेल का?

चंदगडची लेक, म्हापसा

नमस्कार मंडळी. आमचे बाबा १९८१ साली चंदगडहून म्हापशाला आले, एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. पोदेराची (पाववाल्याची) सायकल यायच्या आधी त्यांची पातळ भाजी तयार असायची. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तेलाचे चटके. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून मोजायची, दर वेळी आकडा वेगळा यायचा.

त्यांची नात, म्हणजे माझी मुलगी, मेकॅनिकल इंजिनियर झाली. वेर्ण्याला चार वर्षं नोकरी करते. मागच्या महिन्यात जेवताना म्हणाली, "आई, पुढच्या पंचायतीला मी उभी राहणार." माझा घास हातातच राहिला. ती इथंच, म्हापशाजवळच्या आमच्या गावात जन्मली, इथंच शिकली, तरी वाड्यावरच्या बैठकीत एकाने तिला सगळ्यांदेखत विचारलं, "तुमचो मूळ गांव खंयचो?" घरी आली तेव्हा गप्प होती. रात्री तिने मला मोबाईलवर या पादियांची, कॅलिफोर्नियातून अमेरिकेच्या सिनेटवर (संसदेच्या वरच्या सभागृहात) गेलेल्या राजकारण्याची, माहिती दाखवली. म्हणाली, "याचे वडीलपण आचारी होते, बघ."

एवढ्या चांगल्या नोकरीतून हा माणूस राजकारणात गेला कसा? की एकदम कोणाचा हात डोक्यावर पडला? तिकडे राहिलेल्या कोणी नीट सांगितलं तर बरं होईल. मला तिला अडवायचं नाही, पण भीती वाटते.

डिचोलीकर

ताई, मी लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागात चौदा वर्षं काढली. पादिया वाढले ते पकोइमा तिथून जवळच. कष्टकऱ्यांची वस्ती, स्पॅनिश पाट्या, भिंतींवर मोठमोठी चित्रं. आईवडील दोघंही मेक्सिकोतून आलेले, त्यांची भेट मात्र लॉस एंजेलिसमध्ये झाली. वडिलांनी ४० वर्षं खानावळीत आचाऱ्याचं काम केलं, आई लोकांची घरं साफ करायची. मुलगा एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठातून १९९४ साली इंजिनियर झाला, तोही मेकॅनिकलच! परत येऊन ह्यूज कंपनीत उपग्रहांचं सॉफ्टवेअर लिहू लागला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात प्रस्ताव १८७ मताला आला. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना सरकारी शाळा आणि तातडीचे सोडून बाकीचे सरकारी उपचार बंद करायचे, असा तो प्रस्ताव. आपल्याकडे गोव्यात जनमत कौल झाला तो एकदाच, १६ जानेवारी १९६७ ला. तिथे कायद्यांवर लोक दर निवडणुकीत थेट मत देतात. हा प्रस्ताव जवळपास ५९ टक्के मतांनी मंजूर झाला. पुढे कोर्टाने अडवला, पण आपल्या आईबापांबद्दल शेजारीपाजारी काय विचार करतात ते त्या पोराला कळून चुकलं. त्याने उपग्रह सोडले.

आता तुमच्या लेकीने नीट वाचावं असा भाग. तो लगेच उभा राहिला नाही. पाच वर्षं दुसऱ्यांचे प्रचार सांभाळले. १९९९ साली, २६ व्या वर्षी, लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेवर निवडून आला. २००१ मध्ये परिषदेचा अध्यक्ष. ११ सप्टेंबरला हल्ले झाले तेव्हा महापौर वॉशिंग्टनमध्ये अडकले होते, त्या दिवशी शहर या २८ वर्षांच्या मुलाने सांभाळलं.

२००६ मध्ये राज्याच्या सिनेटवर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहावर. तिथेही आपल्या विधानसभेसारख्याच ४० जागा, पण एकेका जागेमागे नऊ-दहा लाख माणसं. त्याने २००८ मध्ये कायदा करून घेतला, की साखळी हॉटेलांनी मेनूवरच पदार्थाचे उष्मांक छापायचे. आचाऱ्याच्या मुलाने केलेला हा कायदा मला फार आवडतो. मग दुकानातल्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आणली, २०१४ मध्ये. पिशवीवाल्या कंपन्यांनी सह्या गोळा करून ती थांबवली, आणि २०१६ मध्ये मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला.

सत्तरीचा मास्तर

डिचोलीकरांनी छान लिहिलंय. दोन गोष्टी घालतो.

एक, त्यांच्यावेळी राज्य सिनेटमध्ये चार-चार वर्षांच्या दोनच मुदती मिळायच्या. म्हणून २०१४ नंतर जागा सोडावी लागली आणि ते राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून निवडून आले. मतदार नोंदणी आणि निवडणुका हे त्या पदाचं मुख्य काम. आमच्या सत्तरी तालुक्यात प्रतापसिंह राणे ५० वर्षं आमदार राहिले, त्यामुळे आठ वर्षांत जागा रिकामी करायची ही कल्पनाच आपल्याला नवी. त्या पदावर त्यांच्या हातून सगळं नीट झालं असंही नाही. २०१८ मध्ये वाहन परवान्याबरोबर आपोआप मतदार नोंदणी सुरू केली, त्यात हजारो नोंदी चुकल्या आणि त्यांच्यावर टीका झाली. २०२१ मध्ये कमला हॅरिस उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, त्यांच्या रिकाम्या जागेवर गव्हर्नरांनी पादियांना अमेरिकेच्या सिनेटवर नेमलं. कॅलिफोर्नियातून तिथे पोचलेले ते पहिले लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरातले. २०२२ मध्ये ते लोकांच्या मतांवर निवडून आले.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. प्रस्ताव १८७ नंतर तिथल्या कितीतरी लॅटिनो कुटुंबांनी नागरिकत्व घेतलं आणि मतदार म्हणून नावं घातली. पादियांच्या मागे ती मतं होती. तुमच्या मुलीच्या वॉर्डात सगळी मिळून काही शे मतं, त्यात चंदगड-बेळगावकडची किती? मूळच्या गोंयकारांची मतं मिळाल्याशिवाय ती येणार नाही. तिने कोंकणीत बोलावं, आणि गटाराचा, कचऱ्याचा प्रश्न हातात घेऊन दारोदार जावं.

चंदगडची लेक, म्हापसा

दादा, सर, मनापासून आभार. सगळं बाबांना वाचून दाखवलं. उष्मांकांचं ऐकून ते उठून बसले. म्हणाले, "म्हणजे आचाऱ्याला तेल मोजून घालावं लागलं असणार. बरं केलं पोरानं."

सर, कोंकणी तिला माझ्यापेक्षा चांगली येते. त्या बैठकीतही तिने कोंकणीतच उत्तर दिलं होतं, "म्हजो गांव होच," म्हणजे माझं गाव हेच. हे मला काल कळलं. पाच वर्षांचं वाचून मात्र ती विचारात पडलीय. म्हणते, या वेळी आमच्या वाड्यावरची एक बाई उभी राहणार आहे, आधी तिचा प्रचार करीन.

मतदार यादी काढून आणलीय. वाड्यावर लग्न होऊन आलेल्या सुना आणि अठरा पुरी झालेली पोरं मिळून एकवीस जणांची नावं यादीत नाहीत, त्यात फर्नांडिसांच्या दोन सुना आहेत. रविवारी आमच्या अंगणात टेबल टाकून सगळ्यांचे फॉर्म भरायचे ठरलंय, ज्यांचं नाव अजून कुठेच नाही त्यांचे ६ नंबरचे आणि ज्या सुनांचं नाव माहेरच्या यादीत आहे त्यांचे ८ नंबरचे. भजी बाबा तळणार आहेत.