रेखाटनासाठी फाउंटन पेन: प्रश्न शाईचा
जलरंगाचा हात फिरवताच फाउंटन पेनाच्या रेषा पसरतात, अशी तक्रार रेखाटन करणारे करतात; तिचे मूळ पेनात नसून शाईत आहे. नेहमीची शाई पाण्यात विरघळणारी असते; तिच्याऐवजी फाउंटन पेनासाठीच बनवलेली, सूक्ष्म रंगकणांची जलरोधक शाई भरावी आणि पेन फार दिवस न वापरता ठेवू नये. बोरूची इंडिया इंक (बुडवून वापरायच्या लेखणीची काळी शाई) मात्र भरू नये, कारण तिच्यातील लाख वाळली की शाईची वाट कायमची बुजू शकते. अर्थात, विरघळणारी शाई मला टाकाऊ वाटत नाही: ओला कुंचला रेषेच्या एकाच कडेवरून ओढल्यास तीच शाई त्या बाजूला सावली होऊन उतरते. केसांसारख्या बारकाव्यांसाठी निब उलटी धरून पाहावी. ती किंचित खरखरते, पण रेषा बरीच बारीक येते.