बखूर जाळला की करपलेल्या पाकाचा वास का येतो?

शारजाची_सून:
शेजारच्या एमिराती काकूंना चकल्या दिल्या होत्या. डबा परत आला तो आत बखूरची डबी घेऊन. त्यांच्या दारातून येणारा वास म्हणजे निव्वळ सुख. म्हणून शुक्रवारी मदखनमध्ये, म्हणजे त्यांच्या धूपदाणीत, कोळशाची वडी पेटवली आणि वर चमचाभर बखूर टाकला. आधी फटाक्यांच्या दारूचा वास, मग करपलेल्या पाकाचा, मग स्मोक अलार्म! वॉचमन धावत वर. सासूबाई खोकून बेजार. चुकलं कुठे?

मस्कतचा_मुक्काम:
चमचाभर?! ताई, नखाएवढा पुरतो. बखूर म्हणजे अत्तरात आणि बऱ्याचदा साखरेच्या पाकात मुरवलेला लाकडाचा चुरा. तो जाळायचा नसतो, तापवायचा असतो. झटपट पेटणाऱ्या वडीत सोरा असतो, म्हणून तो दारूचा वास. तडतड थांबून वडी सगळीकडून राखाडी होईपर्यंत दम धरा. मग तिच्यावर राखेचा पातळ थर आणि त्यावर बखूर. धुराची बारीक रेघ निघाली पाहिजे; लोट उठले तर आच जास्त. वास कडवट झाला की उरलेलं चिमट्याने लगेच उचला.

मी २२ वर्षं मस्कतात काढली. पहिल्याच वर्षी एका ओमानी साहेबांकडे जेवायला गेलो. शेवटी मबखरा (तिकडची धूपदाणी) फिरला, सगळ्यांनी दाढीखाली, कपड्यांत धूर घेतला. मीही घेतला, पुन्हा ऐसपैस बसलो आणि वर आणखी कहवा मागितला! ऊद, म्हणजे हा सुगंधी धूर, फिरला की बैठक संपली, अशी तिकडे म्हणच आहे. हे मला परतताना ड्रायव्हरने सांगितलं. अजून आठवलं की कान गरम होतात.

हवालदिल_पुणेकर:
हा आपला लोबानच ना?

मस्कतचा_मुक्काम:
नाही हो. ओमानात सलालाच्या बाजूला, धोफारमध्ये झाडाला चिरा देऊन चीक काढतात, तो वाळला की लुबान. त्यात पाक नाही, अत्तर नाही.

माहेर_वाई:
आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातलं की निखाऱ्यावर ओवा, ऊद टाकून धुरी द्यायचे. झबलीसुद्धा टोपलीवर पसरून धुरावर धरायचे. निखाऱ्यावर राख नसली की आजी कातावायची. उदबत्तीतला ‘ऊद’ही मूळचा अरबीच. आता मात्र डॉक्टर तान्ह्या बाळाजवळ धूर नको म्हणतात. सासूबाईंना दमा असेल तर त्यांच्या खोलीत नकोच. आणि एसीसाठी सगळं बंद करून कोळसा पेटवू नका, खिडकी उघडी हवी.

शारजाची_सून:
दमा नाही, नुसता ठसका. काल नखाएवढाच टाकला, राखेवर, खिडकी उघडून. अलार्म गप्प! सासूबाईंनी दार किलकिलं करून विचारलं, “माझी पैठणी धरू का गं त्यावर?” धरली, लांबूनच.

आता काकूंचा डबा परत जायचाय. करंज्या की रव्याचे लाडू?

मस्कतचा_मुक्काम:
करंज्या. ओलं खोबरं नको, सुक्याच करा.