साठीनंतरसाठी आरामदायी रोड बाइक (सायकल): मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय 63, उंची 170 सेंमी, वजन 74 किलो. बजेट दीड लाख. नागपुरात सकाळी फुटाळा, सेमिनरी हिल्स, रविवारी काटोल रोडने 50–60 किमी.

मान आणि मनगटं कुरकुरतात, म्हणून एन्ड्युरन्स जिऑमेट्रीच (लांब पल्ल्यासाठी कमी वाकून बसता येईल अशी फ्रेमची ठेवण) हवी. फ्रेमचा स्टॅक (पेडलच्या अक्षापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या टोकापर्यंतची उभी उंची) भागिले रीच (त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर) 1.5 च्या आसपास आला की पाठ बरीच उभी राहते. रेस फ्रेम घेऊन हँडल उंच करायला स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या जोडाखाली) स्पेसर म्हणजे कड्या भरत बसणं मला पटत नाही: कार्बन स्टिअररवर (फोर्कच्या वरच्या नळीवर) त्याला मर्यादा असते, आणि स्टेम फार आखूड केला तर हँडल चंचल होतं.

आपल्या सिमेंट रोडचे जॉइंट्स हा खरा त्रास. 25 मिमी टायरमध्ये 90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असली की प्रत्येक फट थेट तळहातात जाते. म्हणून निदान 32 मिमी टायर 55–60 पीएसआयवर चालवायचा आहे, आणि फ्रेममध्ये 35 ची जागा असेल तर उत्तमच. गिअरच्या चकत्या पुढे 50/34 दात्यांच्या, मागे 11 ते 34 दात्यांच्या. चढावर गुडघ्यांना तेवढी सूट हवीच.

ब्रेकवर अडलोय. हायड्रॉलिक डिस्कला बोटांचा जोर कमी लागतो, पण ब्लीडिंग (ब्रेकच्या तेलातली हवा काढणं) नीट करणारा मेकॅनिक नागपुरात कुठे आहे? केबलवाले डिस्क ब्रेक साठीतल्या बोटांना लांब उतारावर जड जातात का?

ट्रेक डोमाने किंवा जायंट डेफाय यांपैकी सायकल कोणी वापरत असेल तर साइज, वर्ष आणि स्टेमची लांबी सांगा. धरमपेठ, सदरकडे टेस्ट राइड देणारं दुकान असेल तर तेही कळवा.