न्यूयॉर्कला ४ रात्री, लेक बरोबर, स्वस्तात कुठे? (शुक्रवारच्या आत सांगा)

मनीषा:

नमस्कार मंडळी, १६ ते २० जुलै इरा आणि मी न्यूयॉर्कला जातोय, गुरुवार ते सोमवार, दोघीच, परागला रजा नाही. गाडीने. न्यू जर्सीतल्या सेकॉकसचं ते हॉटेल (मागे सगळे उतरले होते तेच, मॉलजवळचं) पकडून ठेवलंय पण गुरुवार-शुक्रवारचा दर ठीक आणि शनिवार-रविवारचा जवळजवळ तिप्पट दाखवतंय, मग स्वस्त कसलं, आणि फुकट कॅन्सल करायची मुदत या शुक्रवारी रात्री संपते. चार रात्रींचे टॅक्स धरून हजाराच्या आत बसवायचंय. इराला ब्रॉडवे शो रात्रीचाच हवाय, दुपारचा म्हणे लहान मुलांचा असतो. कोणी नुकतं जाऊन आलंय का? जर्सीतच राहू की शहरात काही परवडेल? तिला २ ऑगस्टला बारा पूर्ण होतील, कुठे वयाप्रमाणे तिकीट असेल तर तेही सांगा.

श्रीकांत:

सेकॉकसच. यावर मी २०१९ मध्ये सविस्तर लिहिलं होतं, जुन्या मेल शोधल्या तर सापडेल. वीकेंडला दर चढतातच, त्यात नवीन काही नाही. पार्किंग फुकट, नाश्ता फुकट, ३२० नंबरची बस मॉलपाशी मिळते ती थेट पोर्ट ऑथॉरिटीला (मॅनहॅटनचं बस स्टेशन) सोडते, तिथून टाइम्स स्क्वेअर चालत. आपल्या मंडळाची निम्मी माणसं मी सांगितल्यावरच तिथे राहिलीत आणि अजून कोणाची तक्रार आलेली नाही.

वैदेही:

तक्रार आली होती श्रीकांत, मी स्वतः तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. मनीषा, बुकिंगच्या साइटवर "सेकॉकस, ट्रेनने पेन स्टेशन १० मिनिटं" असं काहीतरी वाचलं असशील तर ते सेकॉकस जंक्शन स्टेशनबद्दल आहे. तुझं हॉटेल तिकडे नाहीये, ते मॉलपाशी हार्मन मेडोला आहे, मध्ये हायवे आणि चालायला धड रस्ता नाही. म्हणजे बसच. आता सकाळी बस झकास जाते कारण ४९५ हायवेवर बसना वेगळी लेन देतात, वर्किंग डेला सकाळी सहा ते दहा, शहराकडे जाताना. संध्याकाळी परतीला तसली लेन नाही. शो साडेदहाला सुटणार, तिथून गर्दीतून पोर्ट ऑथॉरिटी, मग गेट शोधा, मग बसची वाट बघा, बरोबर दिवसभर चाललेली अकरा वर्षांची मुलगी. माझी पोरगी त्या स्टेशनात माझ्या पर्सवर डोकं ठेवून जमिनीवर बसली होती आणि वर मलाच म्हणाली की आई तू अशी का दिसतेस. दर रात्रीचा भाव बघून हॉटेल ठरवू नकोस, रात्री अकराला तिथे कसं पोचणार ते आधी बघ आणि मग भाव बघ.

अनंतकाका:

बस कशाला हवी, गाडी आहे ना? संध्याकाळी लिंकन टनेलमधून आत शिरायचं, थिएटरजवळच्या गराजला लावायची, शो झाला की वीस मिनिटांत हॉटेलवर. आम्ही नव्वदीत दर महिन्याला जायचो, माझी मेहुणी न्यू जर्सीत एडिसनला राहते, ती पुढच्या सीटवर बसून रस्ता सांगायची आणि प्रत्येक वेळी चुकीचा सांगायची. शिवाय रस्त्यावर पार्किंग मिळतंच, जरा फिरावं लागतं इतकंच.

रोहित:

काका, ५ जानेवारी २०२५ पासून ६०व्या रस्त्याच्या खाली गाडी नेली की ९ डॉलर वेगळे, ई-झेडपास (टोलचा टॅग) असेल तर, नसेल तर त्याहून जास्त. हे टनेलच्या टोलखेरीज. टनेलने आलं तर थोडी सूट आहे आणि रात्री ९ नंतर दर उतरतो, पण शोला जाताना ९ च्या आतच जाणार ना? वर थिएटरजवळचं गराज. तेवढ्यात हॉटेलचा फरक निघून जातो.

एअरबीएनबी का बघत नाही कोणी? किचन असतं.

श्रीकांत:

न्यूयॉर्कमध्ये एअरबीएनबी बंद आहे. २०२३ पासून.

सायली:

बंद नाहीये, सगळे असंच सांगतात. लोकल लॉ १८ म्हणून आहे, सप्टेंबर २०२३ पासून कडक केला. ३० दिवसांपेक्षा कमी द्यायचं असेल तर घरमालकाने शहराकडे नोंदणी करायची, तुम्ही असताना त्याने स्वतः त्याच घरात राहायचं, आणि पाहुणे दोनच्या वर नाहीत. मनीषा आणि इरा दोघीच आहेत म्हणजे चक्क कायद्यात बसतात! फक्त आतल्या खोल्यांना कुलूप लावून घर वेगळं करता येत नाही. म्हणजे एका अनोळखी माणसाच्या घरात, तो घरात असताना, लेकीला घेऊन. मी एकटी असते तर राहिले असते. मुलीला घेऊन नाही. आणि पूर्ण फ्लॅट, मालक नाही, एकदम स्वस्त असं काही दिसलं तर ते कायद्याबाहेरचं समजायचं, आयत्या वेळी रद्द झालं तर जुलैत रस्त्यावर.

मिलिंद:

लंडनला आम्ही उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलात राहिलो होतो, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं, नदीपलीकडे बँकसाइडला, टेट मॉडर्न दोन पावलांवर. मुलं सुट्टीवर गेली की खोल्या पर्यटकांना देतात, नाश्त्यासकट. साधं होतं पण स्वच्छ. न्यूयॉर्कमध्ये एवढी विद्यापीठं आहेत, तिथे का नाही विचारत?

सायली:

विचारलं होतं मी दोन वर्षांपूर्वी. इथे उन्हाळ्यात त्या खोल्या मुख्यतः इंटर्नशिपवाल्यांना जातात, काही आठवड्यांच्या बोलीवर. आई-मुलीला चार रात्रींसाठी कोणी उभं करत नाही. साध्या होस्टेलमध्येसुद्धा कॉमन डॉर्मला बहुतेक ठिकाणी १८ च्या खालचं मूल घेत नाहीत, खासगी खोली घ्यावी लागते आणि ती मग हॉटेलच्या भावाला जाते.

विद्या (सचिव):

सर्वांना नम्र विनंती, ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे. गणपतीच्या हॉलबद्दल मी सोमवारी मेल टाकली त्याला एकही उत्तर नाही आणि हॉटेलवर एवढ्या मेल. ज्यांनी स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय त्यांनी निदान शनिवार की रविवार ते कळवा.

श्रीकांत:

विद्या, मागच्या महिन्यात याच लिस्टवर तुझी जुनी डायनिंग टेबल विकली गेली. रविवार.

अनंतकाका:

रविवार. टेबल आमच्याकडे आहे, उत्तम आहे.

वैदेही:

मनीषा, मूळ मुद्दा राहूनच चाललाय. माझं म्हणणं लाँग आयलंड सिटी बघ. नाव लाँग आयलंड असलं तरी क्वीन्समध्येच आहे, नदी ओलांडली की मॅनहॅटन. कोर्ट स्क्वेअर किंवा क्वीन्स प्लाझा स्टेशनपासून चालत पाच मिनिटांत असलेलंच घे, त्यापेक्षा लांबचं स्वस्त मिळालं तरी घेऊ नको कारण तिथे बरीच हॉटेलं गाड्या दुरुस्तीची गराजं आणि गोदामं यांच्या मधेमधे उभी आहेत. धोका म्हणून नाही म्हणत, रात्री शुकशुकाट असतो आणि मुलगी हात घट्ट धरते. सबवेची ई लाइन दोन्ही स्टेशनांना थांबते, ती टाइम्स स्क्वेअरच्या बाजूला ४२व्या रस्त्याच्या स्टेशनवरून थेट येते, बदलायची नाही, रात्रभर चालते. क्वीन्स प्लाझाहून ई एक्सप्रेस असेल तेव्हा पुढचाच थांबा जॅक्सन हाइट्स, डोसा, चाट, सगळं.

भावाचं: न्यूयॉर्कमध्ये खोलीवर १४.७५ टक्के टॅक्स आणि वर रात्रीचे साडेतीन डॉलर. म्हणजे १९० दिसलं की साधारण २२१.५० पडतात, चार रात्रींचे ८८६. तुझ्या हजारात बसतं. मात्र हॉटेलची स्वतःची "फॅसिलिटी फी" वेगळी असते काही ठिकाणी, मॅनहॅटनमध्ये जास्त. मे २०२५ पासून ती पहिल्याच आकड्यात धरून दाखवायचा नियम आलाय, पण कुठल्या तरी जुन्या ॲपवर शोधत असशील तर शेवटच्या पानापर्यंत जाऊन बघ.

रोहित:

वॉल स्ट्रीटच्या भागातली हॉटेलंपण बघा, ऑफिसवाल्यांसाठीची, शनिवार-रविवारी रिकामी पडतात म्हणून वीकेंडला दर उतरतात. म्हणजे श्रीकांत म्हणतात त्याच्या बरोबर उलटं. सबवेच्या बऱ्याच लाइन तिथून जातात. संध्याकाळी सातनंतर खायचं मात्र शोधावं लागतं.

श्रीकांत:

मी सेकॉकसबद्दल बोलत होतो. सेकॉकसला वीकेंडला चढतात. अनुभव आहे.

नीलिमा:

मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा मागून मेल वाचत होता, तो हसायला लागला. १९ जुलैला रविवारी फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल आहे, मेटलाइफ स्टेडियमला, म्हणजे तुमच्या त्या मॉलपासून गाडीने काही मिनिटांवर. दर म्हणून तिप्पट आहे. आणि स्टेडियमच्या ट्रेनपण सेकॉकस जंक्शनलाच बदलतात. त्या दिवशी तिथे नसलेलं बरं.

मिलिंद:

एवढे लोक चार दिवस बोलतायत आणि कोणाच्या लक्षात आलं नाही!

श्रीकांत:

२०१९ ला तिथे वर्ल्ड कप नव्हता.

मनीषा:

अरे देवा. आम्हाला क्रिकेटचा वर्ल्ड कप कळतो. नीलिमा, तुझ्या मुलाला माझ्याकडून पिझ्झा.

तर मग तारखाच हलवते, २३ ते २७ जुलै, वाढदिवसाच्या आत बसतंय. सेकॉकस कॅन्सल केलं आत्ताच. श्रीकांत, रागावू नका, सप्टेंबरात गेलो असतो तर तिथेच गेलो असतो. वैदेही म्हणाली तसं क्वीन्स प्लाझाच्या जवळचं एक बघितलंय, २३ च्या आठवड्यात दर १८५ ते १९५ च्या मध्ये, दोन बेड, नाश्ता आहे. एकच अडचण, गाडी. हॉटेल म्हणतंय पार्किंग आमचं नाही, शेजारच्या गराजचे रोजचे चाळीसेक डॉलर. चार दिवसांचे १६०, आणि गाडी तिथे नुसती उभी राहणार. मग हजाराच्या बाहेर जातंय. रस्त्यावर लावू का?

रोहित:

रस्त्यावर नको. झाडू मारायच्या दिवशी बाजू बदलावी लागते, पाटीवर लिहिलेलं असतं, चुकलं की दंड. सुट्टीवर जाऊन सकाळी आठला गाडी हलवत बसणार का?

अनंतकाका:

मग एडिसनला मेहुणीच्या ड्राइव्हवेमध्ये लाव ना! तिची दोन्ही मुलं आता बाहेर आहेत, तीन गाड्यांची जागा रिकामी. एडिसन स्टेशनला ती सोडेल, तिथून एनजे ट्रान्झिटची (न्यू जर्सीची लोकल) ट्रेन थेट पेन स्टेशन. पेन स्टेशनला ई लाइन आहेच, वैदेहीचीच. पोर्ट ऑथॉरिटी नको, टनेल नको, नऊ डॉलर नकोत. मी तिला विचारलं आत्ता फोनवर, ती म्हणाली येऊ दे, जेवूनच जा म्हणावं. जेवण टळणार नाही हे आधीच सांगतो, तासभर जास्तीचा धर.

सायली:

काका हे पहिल्याच मेलमध्ये सांगायचं ना!

अनंतकाका:

पहिल्याच मेलमध्ये मेहुणीचा उल्लेख होता. वाचायची सवय राहिली नाही कोणाला.

वैदेही:

हे सगळ्यात भारी. मनीषा, एनजे ट्रान्झिटला ११ वर्षांपर्यंत मुलाचं अर्धं तिकीट, इरा बसते. वीकेंडला तर मोठ्या माणसाबरोबर मुलं फुकट, पण ते शुक्रवारी संध्याकाळी सातपासून सोमवारी पहाटे सहापर्यंत, तुम्ही गुरुवारी जाणार आणि सोमवारी दुपारी येणार म्हणून उपयोग नाही. सबवेत वय नाही, उंची बघतात, ४४ इंचांच्या वर गेलं की पूर्ण तिकीट, म्हणजे इराचं पूर्णच. सबवेचं वेगळं कार्ड वगैरे घेऊ नको, फोन नाहीतर बँकेचं कार्ड टॅप करायचं, पण तुझ्या कार्डवर तू आणि तिच्यासाठी दुसरं असं वेगळं वापर म्हणजे हिशेब नीट राहतो. मेट म्युझियमला १२ च्या खाली फुकट, तिकडे जाऊनच ये. वीकेंडला रात्री लाइन दुरुस्तीसाठी बंद असतात कधीकधी, शुक्रवारी एमटीएच्या (सबवेवाल्यांच्या) साइटवर ई बघून घे.

विद्या (सचिव):

हॉलसाठी आतापर्यंत दोनच उत्तरं आली आहेत आणि दोन्ही टेबलाच्या मेलमध्ये. कृपया.

मिलिंद:

शनिवार. मनीषा, नॅचरल हिस्टरी म्युझियमला "जेवढं द्याल तेवढं" चालतं असं ऐकलंय, विचार.

सायली:

ते न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेटिकटच्या रहिवाशांनाच. आपल्याला पूर्ण.

मिलिंद:

मेहुणीला न्यावं बरोबर.

मनीषा:

हॉटेल बुक केलं, फुकट कॅन्सलचं घेतलंय दहा डॉलर जास्त देऊन, उगीच विषाची परीक्षा नको. काका, मावशींचा नंबर मला एकटीला पाठवा, सगळ्यांना नको. त्यांच्यासाठी इथून काय आणू? आणि ड्राइव्हवे चढाचा आहे का, आमच्या गाडीचा हँडब्रेक जरा सैल आहे. विद्या, शनिवार.

अनंतकाका:

चढाचा नाही. आणायचं काही नाही, मी एक खोका देतो तिच्यासाठी, जरा जड आहे, पराग डिकीत ठेवून देईल. शनिवारी सकाळी घेऊन जा, किंवा रविवारी, ज्या दिवशी हॉल ठरेल त्या दिवशी.