मजुरांच्या मुलांची नावं काढली तर शाळेचा निकाल सुधारेल का?

जावळीची सून, तुर्भे

माझी मुलगी पालिकेच्या मराठी शाळेत चौथीत आहे आणि यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. परवाच्या सभेपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथे विचारते.

शाळेचा पट २५८. संकलित चाचणीत तिसरी-चौथीचं वाचन घसरलं. त्यावर एक पालक म्हणाले, "नाक्यावरच्या मजुरांची १४ पोरं निकाल पाडतात, त्यांना दाखले देऊन मोकळे व्हा." तिघाचौघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, त्याचंच जास्त लागलंय.

ही मुलं कलबुर्गीकडची, बिहारची, काही परभणी-जालन्याची. आईबाप सकाळी नाक्यावर उभे राहतात, काम मिळालं तर डबा, नाहीतर परत. यातली काही दिवाळीनंतर आली. जूनचे धडे ज्यांनी पाहिलेच नाहीत, त्यांना एप्रिलची चाचणी सगळ्यांबरोबर द्यावी लागते.

एका शनिवारी मी वर्गात वाचन घ्यायला गेले होते. बिहारचा मुलगा फळ्यावरचं वाचत होता, 'शाला', 'बाल', 'सकाल'. शेजारच्या कलबुर्गीच्या मुलीने त्याचा हात धरला, तोंड उघडून जीभ वर कशी वळते ते दाखवलं आणि म्हणाली, "ळ. शाळा." तीनदा म्हणून घेतलं त्याच्याकडून. बाई म्हणाल्या, कानडीत ळ आहे, तिला तो घरूनच येतो. चाचणीच्या तक्त्यात मात्र ही मुलगी सगळ्यात खालच्या गटात आहे, कारण देवनागरी हातात येऊन तिला चार महिनेच झालेत.

माझे सासरे जावळीहून माथाडी कामाला वाशीच्या मार्केटात आले. दीर याच शाळेत शिकले. तेव्हा आम्हीही बाहेरचेच होतो ना?

नावं काढली तर निकाल खरंच वाढेल का? आणि शिक्षक, अनुदान यांचं काय होईल? पुढच्या सभेत मला नीट बोलायचंय.

निवृत्त केंद्रप्रमुख, ठाणे

ताई, आधी कायदा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. समितीने ठराव केला तरी तो टिकणार नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगा.

आता पैशाचं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. १०० च्या वर २५० पर्यंत ५० हजार, २५० च्या वर हजारापर्यंत ७५ हजार. तुमचा पट २५८. त्या चौदातली नऊ मुलं जरी ३० सप्टेंबरच्या पटावर असतील आणि ती गेली, तर तुम्ही २४९ वर येता. २५ हजार गेले. ७५ हजार म्हणजे तरी काय, मुलामागे वर्षाला २९० रुपये, त्यातूनच खडू, दुरुस्ती, स्वच्छता. त्यात आणखी कात्री कशाला लावून घेता?

शिक्षकांचंही तसंच. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि आता आधार जुळलेली मुलंच धरतात. दिवाळीनंतर आलेलं मूल त्या वर्षी शिक्षकांच्या हिशोबात येतच नाही. म्हणजे शाळा त्याला शिकवते, पण त्याच्या वाट्याचा शिक्षक तिला मिळत नाही. आधारमधल्या नावाच्या चुका आत्ताच दुरुस्त करून घ्या. परभणी-जालन्याची मुलं गावी परतणार असतील तर त्यांना शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत शिक्षण चालू राहावं म्हणून दिलं जाणारं पत्र, द्यायला लावा.

कोपरखैरणेचा बाबा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, रागावू नका. माझा मुलगा अशाच वर्गात होता. अर्धा तास बाई नव्या मुलांना अक्षरं गिरवायला देत आणि हा मागे बसून चित्रं काढी. त्या मुलांचा दोष नाही हे मलाही कळतं. पण माझ्या मुलाचं ते वर्ष परत येणार नाही. शेवटी खासगी शाळेत अर्ज केला, प्रवेश मिळाला, नेला. सभेत मान हलवणारे सगळेच दुष्ट नसतात ताई, त्यांनी माझ्यासारखं पाहिलेलं असतं.

दिव्याची शिक्षिका

बाबा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते आम्ही शिक्षकांनीही कबूल करायला हवं. एकच धडा चाळीस मुलांना एकदम शिकवला की पुढचा कंटाळतो आणि मागचा हरवतो. मी तिसरी ते पाचवीच्या बायांना हाताशी धरून रोज पहिला तास इयत्ता मोडून घेते. अक्षरवाले एका खोलीत, शब्दवाले दुसऱ्या, परिच्छेद वाचणारे तिसऱ्या. चित्रं काढणारा मुलगा तिथे गोष्ट लिहितो.

ताई, निकालाबद्दल माझं मत विचाराल तर सरासरी बघूच नका. प्रत्येक मूल कधी आलं, आलं तेव्हा काय वाचत होतं, आज काय वाचतं, एवढं वहीत मांडा. ती कलबुर्गीची मुलगी चार महिन्यांत अक्षरांवरून शब्दांवर आली असेल तर तिथे शाळेने काम केलंय. सरासरीत ते दिसत नाही. उशिरा दाखल झालेल्या मुलांसाठी कायद्यात विशेष प्रशिक्षण आहे, ते शाळा विकास आराखड्यात लिहून मागा. आराखडा बनवणं समितीचंच काम आहे, आणि समितीत तीन चतुर्थांश पालक असतात.

जावळीची सून, तुर्भे

सगळ्यांचे आभार. बाबा, तुमचं वाचून मी सभेतल्या त्या पालकांना फोन केला. त्यांचा मुलगाही मागे बसून असतो म्हणाले. पहिल्या तासाचं सांगितलं तर म्हणाले, "असं होणार असेल तर मीच मांडतो."

आज हजेरीपट मागून घेतला. चौदापैकी दहा मुलं गेल्या सप्टेंबरलाही पटावर होती. तिघांच्या आधारवर नाव वेगळं आहे. सोमवारी त्यांच्या आयांना घेऊन आधार केंद्रावर जाते, त्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून संध्याकाळची वेळ मागितली आहे. कलबुर्गीच्या मुलीची पहिल्या महिन्याची वहीही बाईंनी काढून दिली, ती सभेला नेणार आहे.