पद्मिनीचे पुढचे आर्म आणि फायबरचं बॉनेट घरीच बनवायचंय, ऑटोक्रॉससाठी. पाईप कुठला घेऊ?

लातूरची_पद्मिनी

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहायलोय. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, त्यांनी ती वीसेक वर्षं लातूर-औसा-तुळजापूर अशी पळवली, मग सात वर्षं शेडमध्ये उभी होती. मागच्या उन्हाळ्यात मी आणि चुलतभावानं मिळून इंजिन उघडलं, १०८९ सीसीचंच ठेवलंय, आता एका चावीत सुरू होती. गाडी मातीवरच्या ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानातल्या घड्याळ लावून होणाऱ्या शर्यतीला उतरवायची आहे. रस्त्यावर नाही चालवणार, ग्राउंडपर्यंत ट्रकवर घालूनच नेणार.

अडचण अशी की वळणावर लई झुकती, बाहेरचं पुढचं चाक वरच्या बाजूनं बाहेर कलतं आणि टायर नुस्ता कडेवर चालतो, आणि सुटताना मागचा एक्सल थडथड उड्या मारतो. रेडिमेड पार्ट या गाडीला कोण देणार, म्हणून सगळं घरीच करायचं ठरवलंय. मित्राचं ट्रॉली बनवायचं वर्कशॉप आहे, तिथं सीओटू वेल्डिंग, लेथ, ड्रिल सगळं आहे.

मनात आहे ते असं: पुढचे वरचे आर्म (चाक गाडीला धरणारे दांडे) पाईपचे, दोन्ही टोकांना रॉड एंड (आत फिरता गोळा असलेला सांधा), म्हणजे कॅम्बर, चाकाचा आत-बाहेरचा कल, कमी-जास्त करता येईल. पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी दोन इंच खाली. मागच्या कमानीच्या स्प्रिंगला एक जाड पाटा वाढवायचा. बॉनेट फायबरचं आणि मडगार्ड थोडे रुंद. वर्कशॉपमधले एक मामा म्हणायलेत की नळाचा जीआय पाईप जाड असतो, तोच वापर. मला ते पटेना, पण काहून नको हे पण सांगता येईना. जाणकारांनी सांगा.

वाळूज_टूलरूम

भाऊ, वडिलांची गाडी मैदानात उतरवायलास, मनापासून बरं वाटलं. मी २२ वर्षं टूलरूमला आहे, जिग-फिक्चर हेच काम, त्यामुळं जरा लांबण लागेल.

आधी पाईप. जीआय अजिबात नको. तो पाण्यासाठी बनतो, भार झेलायला नाही, आणि वर जस्त असतं, वेल्डिंग करताना त्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो आणि जोडात भोकं राहतात ती वेगळीच. सीडीएस पाईप घे, म्हणजे थंड ओढून काढलेला बिनजोडाचा, साधारण २५ मिली बाहेरचा व्यास आणि ३ मिली जाडी. कोणी क्रोमोलीचं नाव काढेल, पण ते पोलाद जोडाच्या शेजारी कडक होतं, ते सांभाळायला हात बसलेला लागतो, तुझ्या सीओटूला साधा सीडीएसच बरा. जोड झाल्यावर पाण्यात बुडवून थंड करायचा नाही, आपोआप निवू दे. ही सवय ट्रॉलीच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना असते म्हणून मुद्दाम सांगतो.

आर्म पाईपचा बनतो, पण खरं काम जिगचं, म्हणजे भोकं जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचं आहे. जुना आर्म काढ, १० मिलीच्या सपाट प्लेटवर ठेव, बुशच्या भोकांतून लेथवर काढलेल्या पिना घाल आणि त्या पिना प्लेटला पक्क्या कर. आता नवा आर्म त्याच पिनांवर बसवून आधी चार बाजूंनी टाके मारायचे, मग समोरासमोर थोडं थोडं भरत जायचं. एका दमात एका बाजूनं भरलंस तर पाईप ओढला जातो, भोकं दीड-दोन मिली सरकतात आणि मग बोल्ट हातोडीनं ठोकून बसवावा लागतो. बोल्ट हातानं गेला पाहिजे. डावा-उजवा दोन्ही त्याच जिगवर कर.

रॉड एंडबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पक्क्या ट्रॅकवर ठीक, पण तुझं ग्राउंड मुरमाचं असणार. मुरमाची धूळ त्या उघड्या गोळ्यात शिरली की ती रेतीच्या कागदासारखी घासते, दोन-चार शर्यतीत खडखड सुरू. चॅसीच्या बाजूला पीयू बुश (कडक रबरासारख्या प्लास्टिकचा) घाल, आतली पोलादी स्लीव बुशपेक्षा किंचित लांब ठेव म्हणजे बोल्ट स्लीवला दाबतो, बुशला नाही. कॅम्बरसाठी ब्रॅकेटखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालता येतात. रॉड एंड लावायचाच असेल तर रबरी बूट घालून, दोन्ही बाजूंनी प्लेट असलेल्या ब्रॅकेटमध्ये, बाहेरून मोठा वॉशर टाकून, म्हणजे गोळा निसटला तरी आर्म हातात येत नाही. आटे व्यासाच्या दीडपट तरी आत गेलेले पाहिजेत, १२ मिलीच्या आट्याला १८ मिली. बोल्ट १०.९ ग्रेडचा.

आणि क्रोम करायचा मोह होईल, करू नको. प्लेटिंगच्या टाकीत उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. रंग दे.

पण हे सगळं शेवटी. आधी मोज. किंगपिन (चाक ज्या खुंटीवर वळतं ती) आणि टायरॉड (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणारा दांडा) एंडमध्ये ढिलाई आहे का? असेल तर नव्या आर्मवर खर्च करून काही उपयोग नाही, चाक त्या ढिलाईतच कलतं. ढिलाई काढल्यावर स्प्रिंग काढून टाक, चाकाच्या जागी एक सरळ फळी लाव आणि जॅकनं हब दर १० मिली वर-खाली करत फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं अंतर लाईनदोरीपासून मोजत जा. चाक नुस्तं वर-खाली होताना वळतही असेल तर त्याला बंप स्टिअर म्हणतात, टायरॉडचा गोल आणि आर्मचा गोल जुळत नसला की तो होतो. गाडी दोन इंच खाली घेतलीस की आर्म आणि टायरॉड आपल्या जागेवरून वेगळ्या कोनात जातात आणि हे वाढतं. खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी आपोआप एका बाजूला ओढती, स्टिअरिंग सरळ धरूनही. म्हणून आधी आकडे कागदावर, मग आर्म.

कॅम्बरला ओळंबा पुरतो. गाडी सपाट फरशीवर, ओळंबा मडगार्डवरून रिमपुढे सोडायचा. रिमच्या वरच्या-खालच्या कडेत ३५५ मिली धरले तर १ अंश म्हणजे साधारण ६ मिलीचा फरक. मिस्त्रीकडचा ओळंबा चालतो.

नांदेड_जिप्सी

वाळूजच्या दादांनी जे लिहिलंय ते कापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. मी फक्त माझ्यावर बेतलेलं सांगतो.

माझी जिप्सी, चारी बाजूंना पाटे. मागच्या पाट्याचं शॅकल ब्रॅकेट, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला धरणारा तुकडा, मी ५ मिली प्लेटचं केलं आणि वेल्डिंग एका दुकानातून करून घेतलं. वरून जोड एकदम गुळगुळीत, बघूनच विश्वास बसला. ग्राउंडवर तिसऱ्या वळणाला ब्रॅकेट उपटलं, एक्सल एका बाजूनं हातभर मागं सरकला आणि गाडी आडवी झाली, उलटली नाही, बेल्ट आणि हेल्मेट होतं म्हणून मी हे लिहायलोय. नंतर तुकडा हातात घेतला तेव्हा दिसलं, जोड नुस्ता वर बसला होता, आत मुरलाच नव्हता. आणि जी रेघ तुटली तिथं तीन दिवस आधी मी लालसर गंजाची बारीक रेघ बघितली होती, पुसून टाकली. ती चीर होती.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. एक, प्रत्येक जोडाची डीपी टेस्ट. लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसायचं, पांढरा डेव्हलपर मारायचा, चीर असली तर लाल रेघ उमटती. तीन डबे एकदा घेतले की खूप दिवस पुरतात. वरवरच्या चिराच त्यात दिसतात, आत मुरलंय का ते बघायला त्याच सेटिंगवर एक फालतू तुकडा जोडायचा, वाईसमध्ये धरून वाकवायचा आणि करवतीनं आडवा कापून बघायचा. दुसरं, घरी बनवलेले सगळे पार्ट पांढरे किंवा पिवळे रंगवतो, काळे कधीच नाही. काळ्यावर चीर दिसत नाही.

आणि भाऊ, कमानीचा स्प्रिंग असो की गोल, गॅस कटरनं कापू नको. स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, लोहार कुदळीला देतो तसं. गॅसची आच लागली की ते पाणी उतरतं आणि तिथूनच स्प्रिंग बसती नाहीतर तुटती. कापायचीच तर ग्राइंडरनं, थांबत थांबत. आणि स्प्रिंगला वेल्डिंग कधीच नाही. शिवाय गोल स्प्रिंग कापली की कडकही होते. चालू ८ वेढ्यातला एक गेला तर १४ टक्के कडक.

पाट्याचं तर अजून आहे, कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. ६ मिलीच्या जागी ७ मिलीचा पाटा म्हणजे तो पाटा ५९ टक्के कडक. मग मुरमावर मागचं चाक जमिनीला टेकतच नाही. तुझा एक्सल उड्या मारतो तो पाटा एस आकारात मुरडतो म्हणून. जाड पाट्यापेक्षा एक्सलवरून पुढं चॅसीला जाणारा एक बार दे, मुरड थांबती.

परभणी_फायबर

बॉनेटचं मी सांगतो, आमच्या घरात गणपतीचे साचे बनतात, फायबर आता पंधरा वर्षं करायलोय.

बेटा, तुझं जुनं बॉनेट हाच तुझा साचा. त्याचे पोचे आधी डेंटरकडून काढून घे, कारण जो पोचा राहील तो साच्यात आणि मग प्रत्येक बॉनेटवर येणार. पॉलिश करून मेण चार-पाच वेळा, दर वेळी वाळवून पुसून, वरून पीव्हीएचा, म्हणजे साचा सुटायला लावतात त्या पातळ द्रावाचा हात. मग जेलकोट (वरचा गुळगुळीत रेझिनचा थर), तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका झाला की मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) रेझिननं भिजवून. साच्याला जास्त थर आणि मागून लाकडी पट्ट्या, आणि चार-पाच दिवस उतरवू नको. घाईनं काढला तर साचा पिळवटतो.

बॉनेट दीड चौरस मीटर धरू. ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर म्हणजे मॅट दोन किलो, रेझिन साधारण सव्वादोनपट म्हणजे साडेचार, एकूण साडेसहा किलोच्या आसपास. पण नुस्तं पातळ पत्र्यासारखं केलं तर वाऱ्यानं फडफडतं, म्हणून खालून पुठ्ठ्याची अर्धी नळी ठेवून त्यावर मॅट ओढ, त्या कण्यांनीच ताकद येती. बिजागरी काढून चार कोपऱ्यांना बॉनेट पिना, आणि पिनेच्या जागी दोन थर जास्त.

रुंद मडगार्डसाठी आकार थर्माकोलचा कोरशील तर वर पीओपी मार, पॉलिस्टर रेझिन थेट लागलं की थर्माकोल विरघळतो. पीओपी पूर्ण वाळू दे, ओल असली की वरचा थर धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेझिन पिकवायला लागणारे कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. दोन बाटल्या दोन वेगळ्या कोपऱ्यात ठेव आणि पोराबाळांना तिथं येऊ देऊ नको. डोळ्याला चष्मा हवाच, हार्डनरचा एक थेंब डोळा घालवू शकतो. आपल्याकडच्या मे महिन्यात हार्डनर किलोला १० ग्रॅमच घाल आणि सकाळी सात-आठच्या आत काम उरक. दुपारी ४२ अंशात डबा हातातच धुरायला लागतो.

लातूरची_पद्मिनी

सगळ्यांचे लई लई आभार. काका, कोबाल्टचं मला माहीतच नव्हतं, दुकानदारानं दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत दिल्या होत्या. आजच वेगळ्या केल्या.

एक विचारायचं राहिलं, दादा. आर्म बदलल्यावर गाडी परत कधी रस्त्यावर काढायची झाली तर?

वाळूज_टूलरूम

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघ, कंपनीनं दिलेल्या रचनेत असे बदल करून रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून जुने आर्म ग्रीस लावून, कापडात गुंडाळून जपून ठेव, कापू नको, वितळवू नको. आणि शर्यतीच्या आधी एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटार शर्यतींची संघटना) नियमात तुझ्या क्लासला काय चालतं ते वाच, नाहीतर स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीला, गाडी परत फिरती.

लातूरची_पद्मिनी

बारा दिवसांनी लिहायलोय. फळी आणि लाईनदोरी लावून मोजलं. त्याआधी उजव्या किंगपिनमध्ये इतकी ढिलाई निघाली की चाक हातानं हलत होतं, किट बदललं. नुस्तं तेवढ्यानं ओळंब्याचा फरक ९ मिलीवरून ४ वर आला, आर्मला हातच लावला नाही अजून.

गाडी दोन इंच खाली घ्यायचं रद्द. मोजल्यावर दिसलं की चाक मूळ उंचीवरून ३० मिली वर जाईपर्यंत फळी जवळजवळ सरळ राहती, त्यापुढं पुढचं टोक बाहेर जायला लागतं. म्हणून एकच इंच, आणि टायरॉडचं बघितल्याशिवाय तेही नाही. जिगची प्लेट कापून झाली, पिना उद्या लेथवर. बॉनेटचा साचा काल सकाळी साडेसहाला सुरू केला, वडील बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि मेण त्यांनीच पुसलं, पाचही वेळा.

साचा रविवारी उतरवतो. काका, कडेला जेलकोटवर दोन जागी सुरकुत्या दिसायल्यात, थर पातळ झाला का तिथं?

परभणी_फायबर

हो, पातळ थर नीट पिकायच्या आत मॅटचं रेझिन लागलं की ते खालून उचलतं. साचा उतरव, सुरकुती घासून काढ, जेलकोट भर, पॉलिश कर. बॉनेट करताना कडेला ब्रशचा दुसरा हात दे.